मक्काबीचं पुस्तक

वडिलांच्या वर्षाच्या मिस्सात, चर्चमधल्या प्रार्थनाविधीत, वाचन मीच करायचं, असं मायने ठरवून टाकलं होतं. उताराही ठरलेला: मक्काबीच्या दुसऱ्या पुस्तकातला, मेलेल्यांसाठी प्रार्थना करण्याबद्दलचा. वडील साक्रीच्या बाजारातून परतताना रस्त्यातच गेले. फादर पोचले नाहीत, मरणाऱ्याला लावायचं शेवटचं तेल लागलं नाही. आमच्या शिकवणीप्रमाणे ते शुद्धिस्थानात, स्वर्गात जाण्याआधी आत्मा शुद्ध होतो तिथे, असणार, आणि आपल्या प्रार्थनेने त्यांचा तिथला काळ कमी होणार. म्हणून माय वर्षभर रोज त्यांच्यासाठी रोझरीची माळ म्हणत होती.

मी धुळ्याला कॉलेजात शिकते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. होस्टेलच्या खोलीत मी वाचनाचा सराव करत होते, तेव्हा सोबतची मैत्रीण म्हणाली, "हे कुठलं पुस्तक गं? आमच्या बायबलात नाही." ती जळगावची, प्रॉटेस्टंट.

"असेल. नीट बघ."

"तूच बघ."

तिच्या बायबलची अनुक्रमणिका मी तीनदा पाहिली. नव्हतं.

"आणि शुद्धिस्थान कुठंय तेही दाखव. दाखवलंस तर आठवडाभर तुझी बादली मी भरते."

मी हसले, पण शोधत बसले. तो शब्द मला माझ्याही बायबलात सापडला नाही.

शनिवारी गावी उतरले ती थेट फादरांकडे गेले. त्यांनी काही लपवलं नाही. "शब्द नाही. अर्थ आहे. मक्काबीत आहे, परंपरेत आहे. पहिल्या ख्रिस्ती लोकांपासून मेलेल्यांसाठी प्रार्थना होत आली आहे."

"पण मक्काबी बायबलात घ्यायचं, हे कुणी ठरवलं?"

"चर्चने."

"आणि चर्चचं बरोबर, हे कशावरून?"

"तुला कॉमर्सला घातलं की वकिलीला?" ते हसले. मग गंभीर झाले. "बाकीची पुस्तकंही चर्चनेच ओळखली. तुझी मैत्रीण ती कशावरून मानते, तेही विचार तिला."

मला ते पटलं नाही. "वाचायचं नसेल तर दुसरं कुणी वाचेल," ते म्हणाले. "पण ते आईला तू सांगायचं."

माय ओट्यावर तूर निवडत होती. मी उभ्याउभ्याच सांगितलं की मक्काबीचं पुस्तक काही ख्रिस्ती लोक मानतच नाहीत. घरात मी अहिराणीच बोलते, पण त्या दिवशी तोंडातून कॉलेजची मराठी आली.

माय हसली. "मकानं बी कोन नही मानस? तुना बाप सांगे ना, माणूस म्हंजे मकानं बी. जमीनमा टाकं, मंग पानी देवानं का नही?"

मला कळायला वेळ लागला. मक्काबी नव्हे, ती मक्याचं बी म्हणत होती: जमिनीत टाकलेल्या बीला पाणी द्यायचं, आणि तिचं पाणी म्हणजे रोजची माळ. वडील आमच्या पाड्यावर प्रार्थना घ्यायचे. त्यांनी तसंच ऐकलं होतं की बायकांना समजावं म्हणून तसं सांगितलं होतं, हे आता विचारायचं कुणाला?

"माय, ते बी नाही. मक्काबी ही माणसं होती. लढणारी."

तिचा हात सुपातच थांबला. "तुना बाप खोटं सांगे का?"

"तसं नाही..."

"मंग मी सालभर कोनले पानी टाकं?"

मी खरं तेच बोलले होते, तरी तिच्या हातातलं काहीतरी मी काढून घेतल्यासारखं वाटत होतं. त्या दिवशी माळ झाली नाही. वर्षात पहिल्यांदा.

रविवारी मी वाचायला उभी राहिले. पुस्तकाचं नाव घेतलं, उतारा वाचला. चुकवलं नाही, आणि मला पटतंय असं दाखवलंही नाही. माय मान खाली घालून बसली होती.

मिस्सानंतर सगळे दफनभूमीत गेले आणि फुलं ठेवून परतले. आम्ही दोघीच उरलो.

"पोचस का त्याले?" मायने विचारलं.

हो म्हणणं किती सोपं होतं. "माले माहीत नही, माय," मी म्हणाले.

मग पदराच्या गाठीतून माळ काढून तिने माझ्या हातात दिली.

"माले तरी कोठे माहीत शे? तू सुरू कर."