पुढची सीट मानाची

जुनी गाडी घेतली की तिच्याबरोबर स्टेपनी येते, जॅक येतो, सीटखाली कुणाच्या तरी लेकराचा एक मोजा सापडतो. किस्से मात्र आपले आपल्यालाच जमवावे लागतात. आमच्याकडे ते इतके जमलेत की सोमवारी शाळेच्या स्टाफरूममध्ये डबे उघडायच्या आधी मैत्रिणी विचारतात, "काय गं, या रविवारी गाडीत कोण अडकलं?" कुणीच अडकलेलं नसलं तर बिचाऱ्यांना जेवण गोड लागत नाही!

गाडी आमच्या अप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची. वीजखात्यातून रिटायर झाल्यावर त्यांनी ती उदगीरच्या एका डॉक्टरकडून घेतली. दोन्ही बाजूंना सरकणारी दारं, तीन ओळी, सात माणसांची जागा. आम्ही राहायला बसवकल्याणला आणि आमचं गाव मंठाळच्या पलीकडे. गावात शिरलं की आधी चावडीपुढचा पार लागतो, आणि तो ओलांडून गेलं की आमची वस्ती. माझा आजा त्या पारापुढून पायात चप्पल घालून कधी गेला नाही. अप्पांची त्यामुळे एकच हौस होती: पारावर बसलेल्यांनी आपल्याला आपल्या गाडीत बसलेलं बघावं. ॲव्हरेज किती, टायर कसे, हे त्यांनी डॉक्टरला विचारलंसुद्धा नाही.

*

पहिल्याच संध्याकाळी अप्पांना गाडीत खोट सापडली. दार उघडलं की छताचा दिवा लागायचा. इथपर्यंत ठीक. पण दार लावल्यावर तो पटकन विझायचा नाही, हळूहळू मंद होत जायचा. अप्पांनी पुन्हा पुन्हा दार आपटून बघितलं आणि निदान केलं, "व्होल्टेज ड्रॉप हाय! डॉक्टरनं फसिवलं आपल्याला."

जन्मभर तालुक्याला उजेड पुरवलेला माणूस. त्यांच्यापुढे कोण बोलणार? टेस्टर आला, पक्कड आली, छताचं कव्हर निघालं. ते परत बसेना. शेवटी सगळी वरात मोईनभाई मेस्त्रीकडे गेली.

मोईनभाईंनी कव्हर बसवलं, दार उघडून लावलं आणि म्हणाले, "साब, इसकू कुछ नै हुआ. कंपनीच ऐसा बनाई. जिंदगीभर खंबे पे चढे, अन् इत्ता सा बल्ब तुमकू सतारा?"

मग त्यांनी दिव्याशेजारचं बटन दाखवलं. एवढं पुरे झालं. त्या दिवसापासून गाडीत पाय ठेवणाऱ्या प्रत्येकाला अप्पांचं व्याख्यान ऐकावं लागतं. "हे बटन तीन जागी फिरतंय. पुढं ऑन, माघं ऑफ, मधी डोअर. कवाबी मधीच ठेवायचं. कामून? तर दार उघडलं की लागतंय, लावलं की इझतंय."

एकदा शेजारच्या सुनेला बाळंतपणासाठी दवाखान्यात न्यायचं होतं. तिला कळा सुरू झालेल्या. ती सीटवर टेकते न टेकते तोच अप्पांनी छताकडे बोट केलं. "हे बटन तीन जागी..."

ती ओरडली, "अप्पा, आदी गाडी चालू करा, न्हाईतर ही शिकवनी दोघांला ऐकवावी लागंल!"

*

गाडी पहिल्यांदा गावी न्यायची तर पारावरच्या लोकांना आत कोण बसलंय ते दिसायला हवं. म्हणून अप्पांनी बटन 'ऑन'वर केलं. भर दुपारी!

आई म्हणाली, "अवो, वर सूर्य हाय की! त्यो कमी पडायलाय का?"

"सूर्य समद्यांचाच हाय," अप्पा म्हणाले, "दिवा आपला हाय."

पारावर त्या वेळी एक कुत्रं झोपलेलं होतं. त्याने मान वर करून बघितलं आणि परत खाली ठेवली. अप्पांनी गाडी वळवून पुन्हा एकदा पारापुढून आणली. या वेळी कुत्र्याने मानही उचलली नाही.

वस्तीत पोचल्यावर दिवा बंद करायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. संध्याकाळी निघायच्या वेळी बॅटरी पार बसलेली. अख्खी वस्ती धक्का मारायला आली. अप्पा स्टेअरिंगवर आणि मागे सगळे भाऊबंद, असे आम्ही पारापर्यंत आलो तेव्हा पार माणसांनी गच्च भरला होता. अप्पांची हौस फिटली. त्यांना आपल्या गाडीत बसलेलं सगळ्या गावाने बघितलं!

पारावर पाटील बसले होते. आमचे लोक त्यांना अजूनही मालक म्हणतात. ते खच्चून ओरडले, "काय रे, बैलं जुपायची इसरलास व्हय?"

सगळा पार हसला. अप्पाही हसले. आई हसली नाही.

त्यानंतर घरात कायदा झाला. चालत्या गाडीत दिवा लावायचा नाही. लावला तर गाठ अप्पांशी!

*

अप्पांचा दुसरा कायदा सीटांचा. पुढची सीट मानाची. तिथे पाहुणा बसणार. पाहुणा नसेल तर अप्पांची बॅग बसणार. आईची जागा सगळ्यात मागच्या ओळीत, पिशव्यांमध्ये. "तुला माघं ऐसपैस बसता येतंय," असं अप्पा म्हणतात. ऐसपैस म्हणजे डाव्या मांडीवर पिशवी आणि उजव्या मांडीवर डबा.

माझी थोरली बहीण निंबर्ग्याला दिली आहे. तिचे यजमान, आमचे दाजी, म्हणजे मानाचे मानकरी. पांढरी शुभ्र पँट, पांढरा शर्ट. पहिल्यांदा गाडीत बसले ते अर्थातच पुढे. राजेश्वर गाव ओलांडल्यावर पाय लांब करावेसे वाटले, म्हणून त्यांनी सीट मागे सरकवायला हात खाली घातला आणि भलताच खटका ओढला. सीटची पाठ धाडकन आडवी झाली. दाजी सपाट! त्यांचं डोकं थेट माझ्या मांडीवरच्या चिवड्याच्या डब्यावर आलं.

जावई असा आडवा पडल्यावर हसायचं कुणी? खटका परत सापडेना. आणि सापडत नाही असं जावयाने म्हणायचं कसं? दाजी छताकडे बघत म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. असंच बरं वाटायलंय."

मग हुमनाबादपर्यंत ते तसेच आले, हातांची घडी पोटावर घालून. नाक्यावर पोलिसाने गाडी अडवली, आत वाकून बघितलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "काय झालंय पेशंटला?"

अप्पा म्हणाले, "आमचे जावई हायती."

पोलिसाने मान हलवली. "मग घरीच न्या. त्याला दवाखान्यात इलाज न्हाई."

*

सरकत्या दाराच्या कडेला एक बारीक खटका असतो. लेकरांनी चालत्या गाडीत दार उघडू नये म्हणून कंपनीने दिलेला. तो खाली केला की दार आतून उघडत नाही, बाहेरूनच उघडावं लागतं. बहिणीच्या पोरांनी तो कधीतरी खाली करून ठेवला होता आणि आम्हाला पत्ताच नव्हता.

त्या आठवड्यात अप्पांचा गुडघा दुखत होता, म्हणून गाडी दाजी चालवत होते आणि अप्पा मधल्या ओळीत दाराशी बसले होते. वस्तीत गाडी थांबली. अप्पांनी कडी ओढली. दार उघडेना. त्यांनी खांदा लावला, शिव्या दिल्या, उदगीरच्या डॉक्टरचा उद्धार केला. शेवटी आई दुसऱ्या बाजूने, आमच्या पाठोपाठ वाकत खाली उतरली, गाडीला वळसा घालून आली आणि तिने बाहेरून दार उघडलं. अप्पा सावकाश खाली उतरले.

समोर ओट्यावर बसलेली एक म्हातारी तोंडाला पदर लावून म्हणाली, "आगं बया! लईच मोठा सायेब झाला की गं ह्यो! बाईनं दार उघडल्याबिगर उतरंना!"

तो खटका वर करायला अप्पांना पुढे सगळा उन्हाळा सवड मिळाली नाही.

*

मागच्या ओळीतून बाहेर यायचं तर मधली सीट दुमडावी लागते. ती दुमडायचा पट्टा मधल्या ओळीत बसणाऱ्याच्या हाताशी. मागच्याचा हात तिथे पोचत नाही. म्हणजे मागच्याने उतरायचं की नाही, हे पुढच्याने ठरवायचं.

कलबुर्गीला आमच्या नात्यातलं लग्न होतं. पोचायला उशीर झालेला. हॉलमधून मंगलपरिणयाची घोषणा ऐकू आली तशी सगळ्यांनी उड्या मारल्या. दार लावलं आणि पळत आत.

अप्पा म्हणजे शेलका वक्ता. जयंतीला समतेवर बोलायचं तर आसपासच्या गावांतून त्यांनाच बोलावणं येतं. इथेही त्यांच्या हातात माईक आला. नवरानवरीकडे बघून ते म्हणाले, "संसाराच्या गाडीला दोन चाकं. एक नवरा, एक बायको. दोघांचा दर्जा समान पाहिजे! बायकोला पाठीमागं ठिवून चालणारा समाज कवाच फुडं जात न्हाई!"

टाळ्या कडाडल्या. अप्पांनी हात वर करून त्या थांबवल्या आणि मला म्हणाले, "आता आहेराची पिशवी दे."

मी बहिणीकडे बघितलं. बहिणीने दाजींकडे बघितलं. पिशवी आईच्या मांडीवर होती. आणि आई?

आई आठवायला आहेराची पिशवी लागली, हे लिहिताना आजही माझे कान गरम होतात. आम्ही पळत गाडीकडे गेलो. गाडी लिंबाच्या सावलीत होती आणि थंडीचे दिवस होते, म्हणून बरं. आईचा फोन अप्पांच्या खिशात, कारण 'तुला सांभाळता येत न्हाई'. आई मागच्या सीटवर बसून शांतपणे धपाटे खात होती.

"एवढ्यात कामून आलाव?" ती म्हणाली. "भाषन झालं का?"

"तुला ऐकू आलं?" अप्पा म्हणाले.

"चारी दिशांला भोंगं लावलेत. दोन चाकापतूर समदं ऐकलं."

परतीच्या वेळी आई पुढचं दार उघडून मानाच्या सीटवर बसली. अप्पांची बॅग तिने पाठीमागे पाठवली.

अप्पा चाचरत म्हणाले, "अगं, ती पुढची सीट मानाची..."

"मग?" आई म्हणाली.

आणि तिने पट्टा लावला.

*

मागच्या महिन्यात चुलतभावाच्या पोराच्या बारशाला आम्ही गावी निघालो. अप्पा गाडी चालवत होते, आई पुढे, मधल्या ओळीत बहीण, दाजी आणि मी. मागे कांद्याची पोती. दिवेलागणीची वेळ. गावाच्या फाट्यावर पाटील हात करून उभे दिसले. त्यांची जीप गॅरेजला होती आणि शेवटची बस निघून गेली होती.

अप्पांनी असा ब्रेक मारला की कांदे आमच्या पायांत आले. आणि नुसती गाडी थांबवली नाही, ते खाली उतरले! जयंतीच्या स्टेजवरून 'कुनापुढं वाकू नका' असं सांगणारे माझे वडील कमरेत वाकून म्हणाले, "या की, मालक. गाडी तुमचीच हाय."

मला इतका राग आला की मी खिडकीबाहेर तोंड केलं.

पाटील सरळ पुढच्या दाराशी आले आणि कडीला हात लावून उभे राहिले. ते 'उठा' म्हणाले नाहीत. म्हणायची त्यांना कधी गरजच पडली नसेल.

अप्पा खिडकीतून आईला हळूच म्हणाले, "ऊठ. माघं जा."

आईने पट्टा ओढून बघितला. "निघंना बघा. अडकलाय."

"लाल बटन दाब की!"

"दाबायले की." तिचा पंजा त्या लाल बटनावर झाकण ठेवल्यासारखा होता. दाबत मात्र नव्हता.

पाटील वाट बघत राहिले. आई पट्ट्याशी खटपट करत राहिली. शेवटी दाजी उठू लागले तसा बहिणीने त्यांचा शर्ट धरून त्यांना खाली बसवलं. मग मीच उतरले आणि मधली सीट दुमडली.

पाटील धोतर सावरत, वाकून, कांद्याच्या पोत्यांमध्ये जाऊन बसले. मी सीट परत लावली. गाडी निघाली.

गावाची पहिली घरं दिसली तसा मागून आवाज आला, "मला हितंच सोडा. जाईन मी चालत."

अप्पांनी गाडीचा वेग कमी केला.

आई मागे वळून गोड आवाजात म्हणाली, "आसं कसं, मालक? अंधार पडलाय. वाड्यापुढं सोडतो की."

वाडा पाराच्या पलीकडे. गाडी वळली, समोर पार आला. त्या दिवशी गावात काय मसलत चालली होती कोण जाणे, पार माणसांनी भरलेला होता. आईने हात वर केला आणि दिव्याचं बटन 'ऑन'वर ढकललं.

गाडीत लख्ख उजेड पडला. पारावरचं बोलणं थांबलं. एकेक मान वळली. पुढे पट्टा बांधून ताठ बसलेली आमची आई. मागे कांद्यांत, गुडघे हनुवटीला लागलेले पाटील.

"अरे, दिवा!" पाटील म्हणाले. "दिवा बंद कर की रे!"

अप्पांचा डावा हात स्टेअरिंगवरून वर गेला. बटनापर्यंत पोचला. आई समोर बघत होती. हात तिथे जरा थांबला आणि परत खाली आला. त्यांनी गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली. इतकी हळू की पारावरच्या म्हाताऱ्यांनाही चष्मा काढून पुसायला आणि परत लावायला वेळ मिळावा.

मग अप्पा आरशात बघून म्हणाले, "काय सांगू, पाटील! ह्यातलं कोनतं बटन कशाचं, ते मला अजून कळंनाच झालंय बगा."