तारखांसकट

माझे लेख बायको टाइप करायची आणि त्यातली भारदस्त विशेषणं मला न विचारता उडवायची. ती वारल्यावर हिंजवडीत नोकरीला असलेल्या भाच्याने जुन्या कॉम्प्युटरवरच्या सगळ्या फाइली नव्यावर आणून दिल्या.

“मामा, एक अक्षर हरवलं नाही.”

खरं होतं. पण प्रत्येक फाइलवर आजची तारीख पडली होती.

“जुन्या तारखांसकट पुन्हा आण.”

“तारखा कोण बघतं?”

“मी.”

त्याने आणल्या. एका लेखावर तिने शेवटचा हात फिरवला त्या दुपारची तारीख आहे. त्यात माझं एक ‘देदीप्यमान’ उडवायचं राहिलंय. मलाही ते आता खुपतं. पण ते खोडून फाइल सेव्ह केली, तर तिची तारीख जाईल. म्हणून मी फाइल उघडतो, वाचतो आणि तशीच बंद करतो.