तिसरा चेंडू

साग्वा गावच्या बागेत, लॉरेलच्या झाडाखाली, रोज सकाळी बेसबॉल रंगतो. त्यात चेंडू नसतो, बॅट नसते, फक्त तोंडं असतात. एकेकाळी स्पॅनिश सरकारने या खेळावर बंदी घालून लोकांना बैलांच्या झुंजी पाहायला सांगितलं होतं. लोकांनी पुढे सरकार घालवलं आणि खेळ ठेवला. तेव्हापासून क्युबात खेळणारे थोडे आणि खेळातलं कळणारे मात्र घरटी चार आहेत. परगावच्या माणसाला वाटतं, आता इथे मुडदा पडणार. जेवणवेळ झाली की सगळे गुमान घरी जातात.

या कोपऱ्यात एलादियो मोंतेरोला मान होता. त्याचा धंदा म्हणजे रिकामे झालेले सिगारेट-लायटर गॅसने पुन्हा भरून देणं. मान मात्र त्या धंद्यामुळे नव्हता. ऐन तारुण्यात, सांता रुफिना साखर कारखान्याकडून पिचर म्हणून उतरताना, त्याने रुपेर्तो अल्दामाला तीन चेंडूंत बाद केलं होतं. हवानाच्या मोठ्या संघातल्या अल्दामाला! क्रांतीनंतर हा अल्दामा मायामीला निघून गेला आणि रेडिओने त्याचं नाव घेणंच टाकलं. जणू तो जन्मालाच आला नव्हता. एलादियोची त्यात मोठी सोय झाली.

कारण अल्दामाला त्याने बाद केलंच नव्हतं. एलादियो त्या संघात होता हे खरं, पण बाकावर. बाक वाऱ्याने उडू नये, एवढीच कामगिरी त्याच्यावर सोपवलेली होती. कधीतरी रमच्या घोटाबरोबर त्याने ही थाप मारली, ती लोकांना आवडली, आणि मग मागे फिरायची सोय राहिली नाही. पहिला चेंडू आत, दुसरा बाहेर, तिसरा गुडघ्याशी वळणारा. दरवर्षी तो तिसरा चेंडू थोडा जास्तच वळू लागला.

आणि एका डिसेंबरात फेलो न्हावी धावत आला. एलादियोवर त्याचा पहिल्यापासून विश्वास नव्हता.

“एलादियो, तुझं गिऱ्हाईक आलंय रे! अल्दामा! आजारी बहिणीला भेटायला आलाय. उद्या इथेच आणतो. होऊन जाऊ दे समोरासमोर.”

“अरे, बहिणीच्या आजारपणात कशाला त्रास त्या माणसाला?”

“वा! इतकी वर्षं आमचे कान किटवलेस, तेव्हा कुठे गेली होती ही दया?”

एलादियोला रात्रभर झोप लागली नाही. बायको गेली होती, कारखाना बंद पडला होता. उरला होता हा कोपरा. तिथे एकदा हसं झालं की तो नुसता लायटरवाला राहणार होता. तो घाबरला होता. पण न जाणं म्हणजे कबुलीच, म्हणून गेला.

अल्दामा काठी टेकत आला. कुणी ओळखलं नाही. “मी हवानाच्या संघात खेळायचो,” तो म्हणाला.

“काका, इथे प्रत्येकाचा आजोबा हवानाच्या संघात खेळायचा!” कुणीतरी ओरडलं आणि सगळे हसले.

“अरे, हेच ते अल्दामा!” फेलो म्हणाला.

“कोण? आपल्या एलादियोने झोपवलेला?”

क्षणात माणसं बाकावरून उठली. कुणी बसायला जागा दिली, कुणी कॉफी आणायला पळालं. अल्दामा त्या सगळ्यांकडे पाहतच राहिला.

“सांगा साहेब,” फेलोने एलादियोकडे बोट केलं, “सांता रुफिनाच्या मैदानावर याने बाद केलं होतं तुम्हाला?”

सगळे पुढे झुकले. एलादियो हातातला लायटर न्याहाळत बसला.

“तिसरा चेंडू कुठे टाकला म्हणतो हा?” अल्दामाने विचारलं.

“गुडघ्याला.”

“गुडघ्याला?” काठी फरशीवर आपटली. “घोट्याला होता, घोट्याला! गुडघ्याच्या खालचा चेंडू कुणी मोजतं का? अंपायर मालकाचा मेहुणा होता, म्हणून बाद!”

मग काय विचारता! कोपऱ्याचे दोन तट पडले. एका डावात चितपट झालेला फेलो घोटेवाल्यांना जाऊन मिळाला आणि सगळ्यांत मोठ्याने ओरडू लागला.

त्या गोंधळात अल्दामा निघाला. एलादियो त्याला बागेच्या फाटकापर्यंत सोडायला गेला.

“त्या कारखान्यावर मी आयुष्यात पाऊल ठेवलेलं नाही,” अल्दामा हळूच म्हणाला.

“माहीत आहे.” एलादियोची मान खाली गेली. “मग खोटं का बोललात?”

“बहीणसुद्धा ओळखत नाही रे आता. या गावात माझं नाव जिवंत आहे ते तुझ्या तोंडात. सांगत जा रोज.”

एलादियोचे डोळे भरून आले. आभार मानायचे होते, पाया पडायलाही तो तयार होता. पण इतकी वर्षं त्या झाडाखाली काढलेला माणूस तो.

“सांगेन की,” तो म्हणाला, “पण चेंडू गुडघ्यालाच होता.”

अल्दामाने मागे वळूनही पाहिलं नाही. चालता चालता थांबून त्याने काठीने फक्त आपला घोटा दाखवला.