डाव्या तोंडाचा शंख

नगरच्या झेंडीगेटात ठसेवाल्या जैनुद्दीनचं घर कुणीही डोळे मिटून दाखवलं असतं. जाजमं छापणाऱ्या रंगाऱ्यांसाठी तो शिसवी लाकडावर वेलबुट्ट्या कोरायचा. तसा नाकासमोर चालणारा माणूस, पण वाकडी रेघ दिसली की भरल्या ताटावरून उठेल असा. मग ती रेघ स्वतःची असो की दुसऱ्याची.

सेहेचाळीस साली शाळेतले सूर्यभान मास्तर त्याच्या ओट्यावर आले, ते काडेपेटी घेऊन. आत कापसावर समुद्रातले शंख, तिळाएवढे! मुंबईच्या एका संग्रहालयात असे शंख पेट्या भरभरून बिननावाचे पडले होते. मास्तरांनी त्यातली एक पेटी मागून आणली होती. दोन वर्षं एकेक शंख भिंगाखाली धरून ते वेढे मोजत होते, अंगावरच्या दाण्यांच्या ओळी मोजत होते आणि जातवार पुड्या बांधत होते. समुद्र सव्वाशे मैलांवर आणि मास्तर नगरात बसून शंख निवडताहेत, म्हणून गाव हसायचं. हसणाऱ्यांना तेवढाच उद्योग.

मास्तरांची यादी संग्रहालयाच्या अंकात छापून येणार होती. नुकत्याच संपलेल्या लढाईपायी चित्रं छापायचे जस्ताचे ब्लॉक मिळेनासे झाले होते, म्हणून ती लाकडात कोरायचं काम जैनुद्दीनकडे आलं. भिंगातून पहिला शंख पाहिला आणि तो "या अल्ला!" म्हणून मागेच सरला. एवढ्याशा जिवाच्या घरावर एवढी नक्षी! त्या दिवसापासून त्यालाही मास्तरांचंच वेड लागलं.

पेटीत एक शंख जगावेगळा होता. टोक वर आणि तोंड आपल्याकडे करून धरला की बहुतेक शंखांचं तोंड उजव्या हाताला येतं, ह्याचं डाव्या. ही जात नवी निघावी, जन्मात एक तरी नवी जात आपल्या हातून नोंदली जावी, एवढीच मास्तरांची आस. पण एके दिवशी ते पडलेल्या चेहऱ्यानं एक जुनं विलायती पुस्तक घेऊन आले. त्यात हुबेहूब तसाच, डाव्या तोंडाचा शंख छापलेला होता.

"संपलं, जैनुद्दीनभाई. साहेबानं साठ वर्षांपूर्वीच नाव देऊन टाकलंय. ठसा ह्या चित्रावरूनच करा. सोमवारी यादी धाडतो."

जैनुद्दीननं पान समोर धरलं. मास्तरांनी त्यातला तो एक शंख तेवढा पाहिला होता. हा सगळं पान न्याहाळू लागला, कोरणाऱ्याचा हात कसा आहे ते बघायला. पानावर आणखी सहा शंख होते. त्यात आपला देवळात फुंकतात तोही होता.

"मास्तर, ह्यात तर समद्यांचीच तोंडं डावीकडं हायेत. असं टोक वर धरलं की देवळातल्या शंखाचं तोंड उजवीकडं येतं. कोरनारानं उलटं कोरायचं सोडून सुलटं कोरलंय. म्हनून चित्र उलटं उठलं."

"अहो, विलायतेत छापलेलं पुस्तक आहे ते! तुम्ही आपला ठसा करा." मास्तर तडकून निघून गेले. माणूस वाईट नव्हता. एकदा मोडलेल्या मनाला पुन्हा आशेला लावायची त्यांची हिंमत नव्हती.

जैनुद्दीनला ते फार लागलं. रात्री भरल्या ताटावरून उठला. बायकोनं, मुबारकबीनं, खोदून खोदून विचारलं तेव्हा कुठे तो बोलला.

"मग गप का बसलाय?" ती म्हणाली. "त्यांनी बुकं वाचली, तुमी तीस वर्सं ठसे कोरले. जावा की, करून दावा!"

त्यानं महादेवाच्या गुरवाकडून शंख मागून आणला आणि त्याचे दोन ठसे कोरले; एक शंख दिसतो तसा सुलटा, एक उलटा. रविवारी सकाळी मास्तरांच्या पुढ्यात बसून त्यानं दोन्ही कागदावर उठवले. सुलट्या ठशातल्या शंखाचं तोंड डावीकडे आलं, थेट पुस्तकातल्यासारखं.

"शिकताना ही चूक म्या सोता केलीय, मास्तर. म्हनून वळखतो."

मास्तर कितीतरी वेळ कधी कागद, कधी पुस्तक बघत राहिले. "म्हणजे साहेबाचा शंख खरा उजव्या तोंडाचा," ते पुटपुटले, "आणि आपला..." त्यांनी जैनुद्दीनचे शाईनं माखलेले हात घट्ट धरले. यादी सोमवारी गेली नाही.

पुढल्या वर्षी संग्रहालयाचा अंक आला. शंखाची जात नवीच ठरली होती. मास्तर अंक घेऊन तडक झेंडीगेटात आले आणि चित्राखालचं इंग्रजी त्यांनी ओट्यावर उभ्यानंच मराठीत सांगितलं: "जुन्या चित्रातली चूक प्रथम ध्यानात आली ती अहमदनगरचे ठसे कोरणारे कारागीर जैनुद्दीन यांच्या."

"कुनाच्या?" मुबारकबीनं दारामागून विचारलं. तिला ऐकू आलं नव्हतं, असं मुळीच नाही.

मास्तरांनी पुन्हा वाचलं.

"कारागीर म्हनून छापलंय?" जैनुद्दीननं विचारलं. "बुकात?"

"बुकात."

तो भर रस्त्यासमोर, ओट्यावर बसून ढसढसा रडला. आणि दारामागून पुन्हा आवाज आला, "कुनाच्या म्हनालात, मास्तर?"