काट्यांची तालीम

माझा मित्र मयंक मोहिते बडोद्यात मांजलपूरला राहतो, लिफ्टच्या देखभालीचे करार विकतो आणि माशांवर भाषणं देतो. यातलं पहिलं आणि दुसरं काम तो बरं करतो. त्याचे पूर्वज संस्थानच्या फौजेत होते. भिंतीवर त्यांची तलवार आहे. तिच्या मुठीला सध्या वायफायची वायर गुंडाळलेली असते. आई, म्हणजे कुसुमावतीकाकू, माहेरच्या वेंगुर्ल्याच्या. एवढ्या भांडवलावर हा गडी आम्हाला सुरमई कशी पारखावी आणि बांगड्याला तिरफळ का हवं हे सांगत असतो. मी पादरा गावच्या शाळेत शिकलेला. आमच्याकडे मासा भेटायचा तो तक्त्यावर, मगरीच्या शेजारी. त्यामुळे मी मुकाट ऐकायचो.

एकदा त्याच्या घरी जेवायला बसलो आणि भाषणांमागचं वास्तव दिसलं. काकूंनी त्याच्या ताटातला बांगडा आपल्याकडे ओढला, बोटांनी उलगडला, चिमटीत चाचपून काटान् काटा काढला आणि नुसता मऊ भाग त्याच्या भातावर ठेवला. मयंक मोबाइलवर क्रिकेट बघत तो खात होता.

"हात मोडलाय का रे?" मी विचारलं.

"आईला आवडतं," तो म्हणाला, नजर न उचलता.

"घशात काटा अडकला होता हो त्याच्या," काकू म्हणाल्या. "फार रडला होता. तेव्हापासून मीच काढून देते."

"केव्हा अडकला होता?"

"पहिलीत होता."

मयंक आता एकोणतीस वर्षांचा आहे.

हे असंच चाललं असतं, पण मधे ईशानी गुप्ते आली. ती एका कंपनीत अकाउंट्स बघते आणि त्या इमारतीच्या लिफ्टचा करार मयंककडे आहे. तिचे आजोबा-पणजोबा दरबारच्या कचेऱ्यांत. घरात नोकरी, शिस्त आणि मासे या तिन्ही गोष्टी पिढीजात. पहिल्याच कॉफीला मयंकने तिला सांगितलं, की मासा दिसला की आपलं भान हरपतं. ती खूश झाली. वर्षभराने तिने घरी विषय काढला आणि तिच्या वडिलांनी, दिनकररावांनी, फर्मान काढलं: आषाढ सरायच्या आत मुलाला रविवारी जेवायला बोलव, भरूचहून नर्मदेतला पाला मागवतो. पाला, म्हणजे हिलसा मासा, चवीला राजा, पण अंगभर बारीक काटे. दिनकररावांचं म्हणणं, माणूस पाला कसा खातो यावरून तो संसार कसा करील ते कळतं. ईशानीच्या आत्याचे यजमान याच परीक्षेतून आत आले होते.

शुक्रवारी मयंक माझ्याकडे आला. भाषण नाही, काही नाही.

"उद्या दुपारी जेवायला जायचं. गोत्री रोडवर ते नवीन मोठं हॉटेल निघालंय ना, माशांचं. मी देतो."

"का?"

"तालीम," तो म्हणाला.

"काकूंकडून शीक की."

"तिला कळलं मला शिकायचंय, तर ती रडेल रे."

धवललाही घेतलं, कारण गाडी त्याची. धवल शाह कांदासुद्धा चौकशी करून खातो, पण मित्राच्या सगाईचा सवाल म्हटल्यावर तो म्हणाला, "चालशे. पनीर तर असेल ने?"

हॉटेल भारी होतं. आत निळा उजेड, भिंतीला पाण्याच्या लाटा, आणि मांडीवर रुमाल पसरून द्यायलाही माणूस. मयंकने बाह्या सरसावल्या. पहिली डिश आली: रावसाचे चौकोनी तुकडे, शेजारी मुळ्याचं फूल. मयंकने एकेक तुकडा फोडून पाहिला.

"काटा नाही," तो म्हणाला.

मग केळीच्या पानात गुंडाळलेला मासा आला. पान उलगडलं. आत मऊ, शुभ्र, निर्दोष. मयंकचा चेहरा पडला. तिसरी डिश तर चमच्याने खायची होती.

"सर, सब ठीक?" वाढप्यांचा कॅप्टन वाकून हसला.

"इसमें काँटा नहीं है."

"नहीं सर," तो अभिमानाने म्हणाला. "पूरे बडौदा में ऐसा साफ काम कहीं नहीं मिलेगा."

"लेकिन मुझे चाहिए था."

कॅप्टनचं हसू जागेवर राहिलं, फक्त त्यातला माणूस निघून गेला. तो शेफलाच घेऊन आला. शेफ बंगाली, धिप्पाड.

"काँटा मिला?" त्याने विचारलं.

"नहीं मिला."

"तो शिकायत क्या है?"

धवलने पनीर गिळलं आणि सगळी हकीकत सांगून टाकली, काकूंच्या चिमटीसकट. शेफ ऐकत राहिला, मग गंभीरपणे मान हलवून आत गेला आणि डोक्याशेपटीसकट अख्खं पापलेट पाठवलं.

मयंकने पापलेटाकडे पाहिलं. पापलेट आधीपासूनच त्याच्याकडे पाहत होतं.

"थांब," धवल म्हणाला. त्याने मोबाइल पाण्याच्या ग्लासला टेकवून एका बाईंचा व्हिडिओ लावला. "हं. मधल्या रेषेवर चमचा ठेव. अरे चमचा, काटाचमचा नाही. आता वरचा भाग बाजूला सरकव. धीमे, धीमे. लिफ्ट नाही ती."

जन्मात मासा न चाखलेला माणूस हुकूम सोडत होता आणि वेंगुर्ल्याचा भाचा घाम पुसत पाळत होता. शेजारच्या टेबलावरच्या आजीबाईंनी खुर्ची वळवून घेतली. शेवटी शेपटी धरून उचलल्यावर मधला सांगाडा फणीसारखा सबंध निघाला. मयंकने त्याचा फोटो काढून ताबडतोब ईशानीला पाठवला. खाली लिहिलं, "सहज."

उत्तर आलं: "पापलेट तर माझा चार वर्षांचा भाचा पण खातो. उद्या पाला आहे."

मयंकने शेफला बोलावून विचारलं, पाल्याचं तंत्र असंच असतं का. शेफ इतका हसला की कॅप्टन धावत आला. "इलिश?" त्याने पाल्याचं बंगाली नाव घेतलं. "उसका तो बचपन से सीखना पड़ता है, दादा."

मयंकने चमचा खाली ठेवला.

"फोन कर तिला," धवल म्हणाला.

"काय सांगू?"

"खरं सांग. नाहीतर उद्या घशात अडकवून घे, मग बोलायचं कामच नाही."

मयंकने फोन लावला. आम्हाला त्याचीच बाजू ऐकू येत होती. "ईशानी, मला काटे काढता येत नाहीत... नाही, पाल्याचेच नाही, कुठलेच... आई काढून देते... हो, अजून." मग त्याने फोन ठेवला.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"आधी हसली. मग म्हणाली, बाबांना तूच सांग, मी मध्ये पडणार नाही."

रविवारची हकीकत मला मयंकने सांगितली आणि ईशानीनेही. दोन्ही जुळतात, म्हणून खरी मानतो. ताट वाढल्यावर मयंक म्हणाला, "काका, मला हे येत नाही."

दिनकररावांनी चष्म्यावरून पाहिलं. "किती येत नाही?"

"अजिबात."

स्वयंपाकघरातल्या बांगड्यांचा आवाज थांबला. दिनकरराव उठले, स्वतःची खुर्ची उचलून मयंकच्या खुर्चीला चिकटवली आणि त्याचं ताट दोघांच्या मध्ये ओढलं. "पाठीकडून सुरू करायचं. बोटांनी बघ, डोळ्यांनी नाही. घाई कोणाला आहे?"

घाई बाकी सगळ्यांना होती. घरातले जेवले, आवराआवर झाली, लोक लवंडले. हे दोघे ताटावर डोकी जोडून बसलेले. काटा सुटला की दिनकरराव "शाबास" म्हणत आणि तो ताटाच्या कडेला नीट मांडून ठेवायला लावत. चहाच्या वेळेला ईशानी दारात येऊन उभी राहिली.

"बाबा, मग काय ठरवलंत?"

"शेपटीकडचं राहिलंय अजून," दिनकरराव मान वर न करता म्हणाले. "आणि याच्या आईवडिलांना फोन लाव. पुढच्या रविवारी तेही येऊ देत."