प्लेटवरची रिंग

आधी कबूल करते, मूर्ख मीच. मेहकरच्या आमच्या पॅथॉलॉजी लॅबच्या खिडकीत बसून मी दिवसभर लोकांना दटावते, "गोळ्यांचा कोर्स पुरा करा बरं!" आणि मला स्वतःला लघवीची जळजळ झाली तेव्हा? तिसऱ्या दिवशी बरं वाटलं, उरलेल्या गोळ्या पुढच्या वेळेसाठी डब्यात!

पुढची वेळ महिन्याभरात आली. लॅबमध्ये किस्से साचतातच हो, पण या वेळी किस्सा माझ्याच बाटलीत होता.

*

लाजेपोटी सॅम्पलच्या बाटलीवर मी सासूबाईंचं नाव टाकलं. दुसऱ्या दिवशी आमचे सीनियर टेक्निशियन सुधाकरभाऊ यांनी प्लेट उचलली. प्लेटवर जंतू वाढवून त्यावर औषधांच्या टिकल्या ठेवतात. औषध चाललं तर टिकलीभोवती मोकळी रिंग पडते.

एकीलाही रिंग नव्हती!

"लयच माजले हे! सासूबाईले सांगा, घाबरू नका म्हना."

मी मान हलवली.

"घाबरायले आपण हाओत ना," भाऊ पुढे म्हणाले.

*

दुपारी मला हुडहुडी भरली. दात वाजायला लागले.

"एसी लयच थंड हाय," मी म्हणाले.

"ताई, लाइन जाऊन एक घंटा झाला," सुधाकरभाऊ म्हणाले. मग हळूच, "बाटली तुमचीच हाय ना?"

*

सगळं ऐकूनही लॅबच्या डॉक्टर मॅडम रागावल्या नाहीत. त्याचीच जास्त भीती वाटली!

"हे जंतू एक एन्झाइम बनवतात," त्या म्हणाल्या. "औषध आलं की हे एन्झाइम त्याला कात्रीसारखं कापून टाकतं. नव्या इंजेक्शनमध्ये त्या एन्झाइमलाच अडकवून ठेवणारं दुसरं औषध असतं. त्याची टिकली लावून बघू. इन्फेक्शन किडनीकडे चढतंय."

"म्हंजे लग्नात रुसक्या मामाजवळ एक माणूस बसवून ठेवतेत, तसं!" सुधाकरभाऊ म्हणाले.

"आन् मामा उठला त?" मी विचारलं.



*

दुसऱ्या दिवशी सकाळी सुधाकरभाऊंनी इनक्युबेटर उघडला. मी भिंतीकडे तोंड करून उभी.

"पडली का रिंग, भाऊ?"

"पडली."

"केवढी?"

त्यांनी प्लेट उजेडात धरली, स्केल लावली, चष्मा पुसला, पुन्हा स्केल लावली.

"काठावर हाय. औषध चालन बी, नाही बी."

मी स्टूल ओढून बसले.

"भाऊ, मी बरी होईन ना?"

ते रजिस्टरमध्ये लिहीत राहिले.

"रिपोर्टात तो कॉलम नसते, ताई."