खुर्चीतला म्हातारा

आमची घाटकोपरची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली, चाव्या द्यायचा रविवार ठरला आणि सामान बांधायला म्हणून मी ऑफिसातून दोन आठवड्यांची रजा टाकली. त्यातला निम्मा वेळ मी टीव्हीसमोर बसून गेम खेळण्यात घालवला. बावन्न वर्षांची बाई मी, पवईच्या ऑफिसात पोरांना वेळेचं महत्त्व सांगणारी. हे मी का केलं, ते लिहायला बसले तरी नीट सांगता येत नाहीये.

घरात आम्ही दोघंच होतो, मी आणि माझे वडील. त्यांचं वय चौऱ्याऐंशी. माझा मुलगा बंगळूरला नोकरीला गेला तेव्हा त्याचा गेमचा डबा इथेच राहिला होता. "आई, पॅक करायच्या आधी एकदा लावून बघ. चालू आहे की वाट लागलीय ते कळेल," असं तो फोनवर म्हणाला. मी लावून बघितला. चालू होता. मग बंद करणं काही मला जमेना.

खरं दुखणं वेगळं होतं. बाबा घर सोडायला तयार नव्हते. भांडले असते तर मी जिंकले असते, भांडणात मी कुणाला हार जात नाही. पण ते भांडतच नव्हते. कपाटातलं काय काय न्यायचं म्हणून विचारलं की "बघूया" म्हणायचे आणि पेपर तोंडासमोर धरायचे. गिरणी बंद पडल्यावर साकीनाक्याच्या एका कारखान्यात त्यांनी वीस वर्षं वॉचमनकी केली. जागचं हलायचं नाही, ही कला ते तिथेच शिकले असावेत.

एकदा ते गावच्या चुलतभावाशी फोनवर बोलत होते ते माझ्या कानावर पडलं. "मराक आपला घर होया रे. दुसऱ्याच्या घरातसून माका भायर काढतले?" मरायला आपलं घर हवं म्हणे. मी भांडी कागदात गुंडाळत होते. ऐकलं नाही असं दाखवून गुंडाळत राहिले. मालाडला भाड्याचं घर मीच शोधलं होतं, लिफ्ट बघून, हॉस्पिटल जवळ बघून. नवी बिल्डिंग उभी राहायला तीन वर्षं लागतील, असं सगळे म्हणत होते. बाबांनी ती वर्षं आपल्या वयात मिळवून मोजलेली होती. त्याचाच मला राग यायचा.

तर गेम. त्या जगात काहीतरी भयंकर होऊन गेलंय. काय, ते सांगतच नाहीत. पहिले दोन दिवस मी तेच शोधत होते. भिंतीवरचे कागद वाच, ड्रॉवर उघड. शेवटी मुलगा वैतागला. "आई, काय झालं ते सोड ना. जगायचंय फक्त." गावं ओस, दारं उघडी, सगळीकडे धूळ. एक बाई आहे, ती म्हणजे मी. तिला एका बंद पेट्रोल पंपावर एक म्हातारा भेटतो. नात्याचा ना गोत्याचा. दूर कुठल्याशा धरणावर माणसं अजून राहतायत म्हणे, तिथे त्याला घेऊन पोचायचं. वाटेत खायचे डबे, पाणी, कंदिलाचं तेल गोळा करायचं.

मला बटणंच कळेनात. म्हाताऱ्याला पाणी द्यायला गेले आणि त्याच्यावर बंदूक रोखली. बिचारा हात वर करून उभा राहिला. आमच्या बाबांनी पेपर खाली केला. "मेल्या म्हाताऱ्यान काय केल्यान गो तुझा?"

तेव्हापासून ते शेजारी येऊन बसायला लागले. मी स्क्रीनवरचं इंग्रजी मराठीत सांगायचे, ते आपलं मत द्यायचे. म्हाताऱ्याक आधी वाढ. त्याका जिन्यावर धावडवू नको. दुसऱ्याच्या कपाटात हात घालू नको. कपाटात हात घातल्याशिवाय ह्या गेममध्ये जगता येत नाही हे मी परोपरीने सांगून पाहिलं, पण ते काही त्यांच्या मनाला पटलं नाही.

एका संध्याकाळी म्हणाले, "गे बाय, तिनसांज झाली. दिवो लाव."

"लावलाय की देवापुढे."

त्यांनी टीव्हीकडे बोट केलं. तिथेही ऊन उतरलं होतं. मी कंदील लावला. वीस सेकंदांत काळोखातून माणसं आली आणि आम्ही दोघं मेलो. दुसऱ्या दिवशी तसंच झालं, तिसऱ्या दिवशीही. मुलाला सांगितलं तर त्याने डोकंच धरलं असावं. "अगं, कंदील लावायचाच नसतो! उजेड बघून ते येतात. तो तळघरात उतरायचं असेल तरच लावायचा." फोन स्पीकरवर होता. बाबा शांतपणे म्हणाले, "तिनसांजेक घरात काळोख करून कोण बसतलो? ह्या काय मेल्यांचा घर?" आणि मी, शिकलेली बाई, पुढे जायचं कसं ते कळलेलं असूनही चौथ्या दिवशी पुन्हा कंदील लावला. मला हात आवरता आला नाही. मग आम्ही असा तोडगा काढला की दिवसाउजेडीच मुक्काम गाठायचा.

दूध आणायला खाली उतरले की आमचा जिनाही गेममधल्या ओस गावांसारखाच होता. बावीस बिऱ्हाडांतली एकोणीस गेली होती. जाताना लोकांनी दारं काढून नेली, बल्बसुद्धा नेले. उघड्या खोल्यांत भिंतीवर कॅलेंडरांचे पांढरे चौकोन, एका चौकटीवर पोरांच्या उंचीच्या पेन्सिलच्या रेघा. एकदा मी चक्क दुसऱ्या मजल्यावरच्या रिकाम्या स्वयंपाकघरात शिरून ड्रॉवर उघडला. आत रबरबँड आणि आगपेटी होती. आगपेटी खिशात टाकल्यावर माझी मलाच लाज वाटली. मी परत ठेवली की घेऊन आले, ते मात्र आता आठवत नाही.

चाव्या द्यायला चार दिवस उरले असताना गेम अडला. वाटेत म्हाताऱ्याचं स्वतःचं घर लागतं. छप्पर अर्धं गेलेलं. तो आत जातो, खुर्चीत बसतो आणि उठतच नाही. लांबून धुळीचं वादळ येत असतं. त्याला मनवायला चार वाक्यं दिलेली आहेत, त्यातलं एक निवडायचं. इथे धोका आहे. इथे आता काही उरलं नाही. माझ्यावर विश्वास ठेव. तिकडे माणसं आहेत. मी चारही वाक्यं फिरवून फिरवून बोलून पाहिली. म्हातारा खिडकीबाहेर बघत बसायचा. वादळ यायचं, दोघं गाडले जायचे, आणि पुन्हा तीच खुर्ची.

कितव्या खेपेला कोण जाणे, माझं डोकं फिरलं. "ऊठ ना रे बाबा! सगळे गेले! आता कुणासाठी बसून राहिलायस? माझा जीव घेणार का तू?" असं मी मोठ्याने ओरडले. रिकाम्या बिल्डिंगमध्ये आवाज घुमला. हे मी कुणाला बोलले ते मला कळेना. शेजारी बसलेल्या बाबांना बहुधा कळलं. ते चष्मा पुसत राहिले.

मुलाला फोन लावला आणि नेहमीच्या सवयीने स्पीकरवर टाकला, हीच माझी चूक. तो म्हणाला, "आई, तो उठतच नाही. स्टोरीच तशी आहे. त्याला तिथे सोडून तू दारातून बाहेर पडायचंस. त्याशिवाय गेम पुढे जात नाही."

मी घाईघाईने स्पीकर बंद केला. बाबा एवढंच म्हणाले, "पोरगो हुशार आसा." आणि उठून आत गेले. त्या दिवसापासून टीव्ही मी लावला नाही. त्यांनीही लाव म्हटलं नाही. गुरुवार, शुक्रवार, शनिवार मी खोके भरले, खोक्यांवर मार्करने नावं लिहिली, आणि बाबांच्या कपाटाला हात लावला नाही.

रविवारी सकाळी टेम्पो आला. सामान उतरलं. वर राहिला टीव्ही, गेमचा डबा, बाबांची खुर्ची आणि खुर्चीत बाबा. मला खरंच कळत नव्हतं काय करायचं ते. ओढून न्यायचं? रडायचं? सोसायटीच्या लोकांना बोलवायचं? मी दोन्ही हात कमरेवर ठेवून उभी होते.

बाबा म्हणाले, "नारळ आसा?"

"कशाला?"

"गाराणा घालूचा हा. आणि ता तुझा चालू कर."

मला एकदम चटका बसला. आमच्याकडे कोकणात कुठलंही काम, कुठलंही जाणं गाऱ्हाण्याशिवाय होत नाही. घरातला मोठा माणूस नारळ पुढे ठेवतो, देवाला आणि जागेच्या राखणदाराला सगळं मोठ्याने सांगतो, आणि त्याच्या प्रत्येक वाक्यावर बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. तिथे नाही म्हणायची सोयच नाही. मी मापं घेतली, टेम्पो ठरवला, लिफ्ट बघितली, आणि ज्या जागेने आम्हाला सांभाळलं तिला विचारायचंच विसरले. गावी असे घोळ कुणी केले नसते. हे मुंबईत वाढलेल्या कोकण्याचंच काम.

देवाच्या खोक्यातून मी नारळ काढला. टीव्ही लावला. स्क्रीनवर म्हातारा खुर्चीत, खिडकीबाहेर बघत. इकडे आमचे बाबा उठून उभे राहिले, नारळ जमिनीवर ठेवला, हात जोडले. देवाचा कोनाडा रिकामा होता, म्हणून की काय, टीव्हीच्याच दिशेने तोंड केलं.

"बा देवा म्हाराजा, ह्या जागेच्या राखणदारा, चव्वेचाळीस वर्सां तू आमका संबाळलंस."

"व्हय म्हाराजा," मी म्हणाले.

"माझी बायल हयसून, आपल्या घरातसून गेली. ते तुझे उपकार."

"व्हय म्हाराजा." आई गेली ती ह्याच घरातून.

"आता आमी दुसऱ्याच्या घरात ऱ्हवाक जातंव. आमका वाट दाखव, इडापिडा टळां दे."

"व्हय म्हाराजा."

मग त्यांची नजर टीव्हीवर गेली. स्क्रीनवर वादळ दिसायला लागलं होतं. "आणि वाटेत म्हातारो खंय बसलो, उठाक नाय झालो, तर चेडवान थांबूचा नाय. तिणा दारातसून भायर पडूचा, फुडे जावचा. तिका त्याचो दोष लागां देव नको म्हाराजा."

खालून टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. चेडू म्हणजे मुलगी, ती तर मीच. पण हे कुठल्या म्हाताऱ्याबद्दल? टीव्हीतल्या की समोरच्या? टीव्हीतल्या असेल तर हो म्हणायला माझं काय जात होतं? पण जीभ उचलेना. हो म्हणावं तर बापाला सोडून द्यायला कबूल झाल्यासारखं, न म्हणावं तर गाऱ्हाणं अर्धं राहतं, आणि अर्ध्या गाऱ्हाण्यावर बाबा उंबरठा ओलांडणार नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं.

बाबांनी मान वळवली. "काय गो, मूग गिळलंस?"

"व्हय म्हाराजा," मी म्हणाले. म्हणताना मला त्यांचा भयंकर राग आला होता.

त्यांनी नारळ माझ्या हातात दिला. मी तो उंबरठ्यावर फोडला, पाणी पायावर उडालं. ते म्हणाले, "माझी चपला खंय ठेवलंस?" आणि माझा हात न धरता जिना उतरले.

मालाडच्या घरात येऊन आता चार महिने होतील. गेमचा डबा पहिल्याच आठवड्यात लावला. मी गेम चालू करते, म्हाताऱ्याच्या घरातला कंदील लावते, आणि तो खुर्चीत बसलाय तो बघते. दारातून बाहेर पडायचं बटण अजून दाबलेलं नाही. वादळ येतं, आम्ही दोघं गाडले जातो, पुन्हा सुरू होतो. मुलगा म्हणतो, आई, हे काय वेडेपण आहे.

बाबा रोज संध्याकाळी विचारतात, "उठलो काय गो तो?"

"नाही अजून."

"बसां दे," ते म्हणतात. "व्हय म्हटलंस म्हणजे लगेच करूक होया असा नाय."